रबरी डिंगी: ठिगळ लावायचं की नवी घ्यायची?

पावसाळा ओसरला की ताडपत्रीखालच्या डिंग्या, म्हणजे हवा भरायच्या छोट्या बोटी, बाहेर निघतात आणि आमच्याकडे पत्रं यायला लागतात. या खेपेला बहुतेकांनी भोकं मोजून पाठवली आहेत. कुणाची तीन, कुणाची पाच, एकाची तर अकरा. कापडाबद्दल मात्र फार थोड्यांनी लिहिलंय. भोकांच्या संख्येवर काहीच ठरत नाही. अकरा भोकांची बोट आणखी कितीतरी वर्षं निघू शकते आणि एकही भोक नसलेली बोट भंगारात काढायच्या लायकीची असू शकते. म्हणून खालच्या उत्तरांत आम्ही फिरून फिरून कापडावर आणि गोंदावर येणार आहोत.

प्रश्न : ३ मीटरची पीव्हीसी डिंगी आहे, नऊ वर्षं झाली. खाडीत नांगरलेल्या मोठ्या बोटीकडे जा-ये करायला वापरतो. संध्याकाळी फुगवली की सकाळी उजवी ट्यूब लोळागोळा. आधीची चार ठिगळं आहेत. पाचवं लावू की नवी घेऊ? (मालवण)

उत्तर : चार ठिगळं धरून बसली असतील तर त्यांचा विचार सोडा. तपासणीला एक दिवस द्या, उत्तर बोटच देईल.

सुरुवात व्हॉल्व्हपासून. एकच ट्यूब रात्रीत बसते तेव्हा पहिला संशय त्याच्यावर घ्यायचा. भांडी घासायचा पातळ साबण एक भाग आणि पाणी आठ-दहा भाग असं मिश्रण करून व्हॉल्व्हच्या वाटीत ओता. बुडबुडे आले तर बहुतेक वेळा आत पुळणीवरच्या वाळूचा एखादा कण अडकलेला असतो. हॅल्की-रॉबर्ट्स पद्धतीचा, म्हणजे मधली स्प्रिंगची दांडी दाबून फिरवायचा व्हॉल्व्ह असेल, तर ट्यूब फुगलेली असताना दांडी चार-पाच वेळा झटक्यात दाबून सोडा. सुटणारी हवा कण उडवून लावते. बॉस्टन व्हॉल्व्ह असेल तर आतली रबरी चकती उलगडून धुवा. चकती कडक झाली असेल किंवा कडेला मुडपली असेल, तर तेवढी बदलली की काम झालं. पूर्ण व्हॉल्व्ह काढायची वेळ आलीच तर त्याचा पाना वापरा आणि हवा काढलेल्या ट्यूबमधून आतली, व्हॉल्व्हला मागून धरणारी चकरी दुसऱ्या हाताने बाहेरून घट्ट धरून ठेवा. ती सुटून ट्यूबमध्ये पडली की चिंचोळ्या भोकातून चाचपत बसावं लागतं.

व्हॉल्व्ह ठीक निघाला तर सगळी बोट ०.२५ बारपर्यंत फुगवा, म्हणजे साधारण ३.६ पीएसआय. गाडीच्या टायरचा गेज इथे कुचकामी आहे, कारण एवढ्या कमी दाबाला त्याचा काटा जागचा हलत नाही. पंपाबरोबर मिळणारा कमी दाबाचा गेजच लागतो. मग रंगाच्या मऊ ब्रशने साबणपाणी लावत चला. आधी शिवणी, मग वल्ह्यांचे खोबण, हॅंडल, पुढची कडी यांच्या कडा आणि शेवटी मोकळं कापड. बोट उलटी करून तेच पुन्हा करा. बुडबुडे दिसतील तिथे पेन्सिलीने खूण करा. बॉलपेन किंवा मार्करची शाई पीव्हीसीत मुरते आणि कायमची राहते.

आता बुडबुडे कसे येतात ते बघा. एका जागेतून टपटप येत असतील तर ते भोक आहे. शिवणीच्या कडेला रांगेने येत असतील तर तिथला गोंद सुटतोय. आणि वीतभर जागेवर सोड्याच्या ग्लासासारखा बारीक फेस उठत असेल, तर कापडावरचा थर झिरपतोय. त्याला ठिगळ नाही.

शिवणीच्या पट्टीच्या कडेखाली नख घालून बघा. पट्टी उचलली गेली आणि खाली मधासारखा पिवळट, चिकट लगदा दिसला, तर उष्णतेने आणि दमटपणाने गोंद फुटलाय. कोकणातल्या गोंदाने जोडलेल्या पीव्हीसी बोटींचा शेवट बहुधा असाच होतो. तो गोंद एकाच वेळी सगळ्या बोटीला लावलेला असतो, त्यामुळे आज एक शिवण सुटली की उरलेल्या तिच्या मागून येतात. तुम्ही दिवाळीत उजवी बाजू चिकटवाल, होळीला डावी सुटेल. ज्यांच्या शिवणी गरम हवेने किंवा विजेच्या साच्यात वितळवून जोडलेल्या असतात, त्या बोटींना हा रोग होत नाही.

कप्प्यांमधला पडदा तपासायचा राहतो. सगळी हवा काढा आणि एकच कप्पा अर्ध्या दाबाने फुगवा. शेजारचा हळूहळू अंग धरायला लागला तर मधला पडदा फाटलाय. तो बाहेरून हाती लागत नाही, ट्यूब कापून आत जावं लागतं. ३ मीटरच्या पीव्हीसी डिंगीवर तो खर्च करू नये. पडदा फाटल्यावर दोन कप्प्यांची बोट एका कप्प्याची होते, म्हणजे एका भोकाने सगळीच्या सगळी बसू शकते.

तर हिशोब असा: गळती व्हॉल्व्हची किंवा भोकाची असेल आणि कापड धुतल्यावर कोरडं, लवचीक लागत असेल, तर पाचवंच काय, सहावं ठिगळही लावा. शिवणीचा गोंद मधासारखा झाला असेल, कापड धुऊनही हाताला चिकटत असेल किंवा फेस येत असेल, तर पैसे नव्या बोटीसाठी ठेवा. चिकटपणा म्हणजे पीव्हीसीला मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य बाहेर येऊ लागलंय. त्या पृष्ठभागावर नवा गोंद टिकत नाही आणि ते द्रव्य पुन्हा आत घालता येत नाही.

प्रश्न : जुलैत घरीच ठिगळ लावलं. दोन दिवसांत कड उचलली, आठवड्यात अख्खं निघून हातात आलं. गोंद नवा होता, घासलंही नीट होतं. चुकलं कुठे? (रत्नागिरी)

उत्तर : जुलैत लावलं, हीच चूक. या गोंदांना हवेतली आर्द्रता ६० ते ६५ टक्क्यांच्या खाली लागते. रत्नागिरीच्या पावसाळ्यात ती ८५-९० च्या खाली फारशी येत नाही. गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग गार करतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दवासारखं बसतं. नीट बघितलंत तर ओल्या गोंदावर पांढुरकी साय धरलेली दिसते. त्यात गोंद पक्का करायला मिसळतात तो हार्डनर आइसोसायनेट या रसायनाचा असतो. तो गोंदाशी जुळायच्या आधी त्या पाण्याशीच जुळून संपतो. ठिगळ चिकटल्यासारखं वाटतं, पण गोंद आतून पक्का होत नाही.

डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ११ ते दुपारी ४, सावलीत, ही कोकणातली या कामाची वेळ. पावसाळ्यातच करणं भाग असेल तर खोली एसीने आदल्या दिवसापासून कोरडी करा आणि आर्द्रतामापक बघूनच डबा उघडा. त्या छोट्या यंत्राला फार पैसे पडत नाहीत. एक सावधगिरी: टोल्यूइन आणि एमईके या द्रावकांची वाफ पेट घेते आणि डोकं फिरवते. देवाजवळचा दिवा, गॅस, सिगारेट काही नको. थर देताना दार-खिडकी उघडावी लागली तर उघडा. कापडी मास्क किंवा एन-९५ वाफ अडवत नाही, सेंद्रिय वाफेचा डबी लावलेला मास्क लागतो.

आता कृती. जुनं ठिगळ हेअर ड्रायरने गरम करत सावकाश सोला. जुना गोंद पूर्ण काढा. नवा गोंद जुन्यावर बसतो आणि जुन्याबरोबर निघतो. गळतीची साबणाची चाचणी आदल्या दिवशीच उरका आणि जागा गोड्या पाण्याने दोनदा धुऊन रात्रभर वाळवा, कारण साबणाचा अंश राहिला तर सगळं फुकट जातं. ठिगळ बोटीच्याच जातीच्या कापडाचं घ्या, भोकाच्या चारी बाजूंनी किमान ५ सेंमी जास्त. गोल कापा, चौकोनी हवं असेल तर कोपरे रुपयाच्या नाण्याएवढे गोल करा, टोकदार कोपरा आधी उचलला जातो. जागेवर ठेवून पेन्सिलीने आखा आणि रेघेबाहेर चिकटपट्टी लावा.

बोट हायपालॉनची, म्हणजे पीव्हीसीऐवजी रबराचा थर दिलेल्या कापडाची असेल तर दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक जाईपर्यंत घासा, धागा दिसायच्या आत थांबा. मग टोल्यूइनचं फडकं एकाच दिशेने फिरवा आणि दर वेळी फडक्याची नवी बाजू घ्या. पीव्हीसीला घासणं हलकंच. तिथे मुख्य काम एमईकेचं फडकं करतं. दोन्हींत पाच मिनिटं वाळू द्या आणि त्यानंतर त्या जागेला हात लावू नका.

गोंद दोन भागांचाच हवा: पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा, हायपालॉनला निओप्रीनचा. हार्डनर साधारण १०० ग्रॅमला ४ ते ५ ग्रॅम पडतो, पण डब्यावरचं प्रमाण अंतिम मानायचं. १५ सेंमी व्यासाच्या ठिगळाला दोन्ही बाजू आणि तीन थर धरून १५ ते २० ग्रॅम गोंद जातो, म्हणजे हार्डनर जेमतेम १ ग्रॅम. तो अंदाजाने ओतू नका. सोनाराचा छोटा काटा किंवा सुई काढलेली सिरिंज वापरा. हार्डनरची बाटली एकदा उघडली की हवेतलं पाणी ओढते. गढूळ झाली किंवा तळाशी खडे दिसले तर ती टाकायचीच. तुमचा गोंद नवा होता, हार्डनर कधी उघडलेला होता हे एकदा तपासा.

थर पातळ द्यायचे, ब्रश आखूड केसांचा. पहिला थर २० ते ३० मिनिटं वाळवा, दुसरा तसाच. हायपालॉनच्या तिसऱ्या थरानंतर ५ ते १० मिनिटांनी बोटाच्या मागच्या सांध्याने टेकवून बघा. ओढ लागते पण गोंद बोटाला येत नाही, तो क्षण ठिगळ बसवायचा. पीव्हीसीचा गोंद पूर्ण वाळवून, हेअर ड्रायरने पुन्हा चिकट करून बसवतात. दोन्हींत एकदा टेकलेलं ठिगळ सरकवता येत नाही. म्हणून मधोमध टेकवा आणि मधून कडेकडे दाबत जा. छोटा रोलर नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते, जोर मात्र पूर्ण लावा. २४ तास हात लावू नका. नंतर नुसतं अंग धरेल इतकीच हवा भरा. पूर्ण दाब सात दिवसांनी.

सायकलचं पंक्चर सोल्युशन, सनमायकाचा रबरी गोंद, फेविक्विक, एम-सील यांबद्दल सात-आठ पत्रांत विचारलंय. पहिले दोन उन्हात मऊ पडतात. उरलेले दोन कडक होतात आणि कापड वाकलं की त्यांच्या कडेने नवी चीर जाते. शिवाय त्यांचा थर खरवडून काढताना खालचं कापड निघतं, म्हणजे नंतर नीट दुरुस्ती करायची जागाही उरत नाही.

प्रश्न : गोव्यात एका यॉटवरची जुनी डिंगी स्वस्तात मिळतेय. मालक म्हणतो हायपालॉन आहे. ओळखायचं कसं? आणि हायपालॉन बनायचं बंद झालंय म्हणतात, ते खरं का? (कुडाळ)

उत्तर : शेवटचं आधी. हायपालॉन हे ड्यूपॉंट कंपनीचं नाव. त्यांनी ते रबर बनवणं २०१० मध्ये थांबवलं. त्याच जातीचं रबर, सीएसएम, इतर कंपन्या करतात आणि बाजारात अजून सगळे त्याला हायपालॉनच म्हणतात. तेव्हा नावाला बिचकू नका.

ओळखायला बोटीवरची लपलेली जागा निवडा, व्हॉल्व्हच्या टोपीखालची किंवा बाकाच्या पट्ट्यामागची. हायपालॉनचा पोत मंद, रबरासारखा. पीव्हीसी प्लास्टिकसारखी तुळतुळीत आणि पुष्कळदा खालची वीण उमटलेली. पॉलिश पेपर फिरवला तर हायपालॉनची कोरडी, रंगीत भुकटी निघते. कापसावर एमईकेचा एक थेंब घेऊन टेकवला तर पीव्हीसी लगेच चिकट होते. कापडाची आतली बाजू दिसत असेल तर तीही सांगते: हायपालॉनच्या आत निओप्रीनचा वेगळ्या, करड्या किंवा काळ्या रंगाचा थर असतो, पीव्हीसीच्या दोन्ही बाजू सहसा सारख्या दिसतात.

हायपालॉन म्हातारं होताना चिकट होत नाही, खडूसारखं होतं. हात फिरवून पांढरी पूड लागली म्हणून घाबरू नका. ती वरचेवर असते, घासून जाते आणि खाली चांगलं रबर सापडतं. उन्हात राहणाऱ्या बोटीचा हिशोब आमच्या मते पीव्हीसीला ५ ते १० वर्षं आणि हायपालॉनला १५ च्या आसपास धरावा. झाकून ठेवली तर दोन्हींची वाढतात. म्हणून आठ वर्षांची हायपालॉन आणि तीन वर्षांची पीव्हीसी एकाच किमतीला मिळत असतील तर आम्ही पहिली घेऊ, फक्त शिवणी नखाने तपासून. हायपालॉनच्या सगळ्या शिवणी गोंदाच्याच असतात.

एका गोष्टीला मात्र स्पष्ट नकार द्या: बोट आरशासारखी चमकत असेल तर. गाडीच्या डॅशबोर्डला मारतात तो सिलिकॉनचा स्प्रे मारलेला असतो. त्याखालचं कापड कसं आहे कळत नाही आणि पुढे तिथे गोंद धरत नाही.

प्रश्न : दुपारी पुळणीवर घट्ट फुगवलेली बोट पाण्यात घातली की दहा मिनिटांत मऊ पडते. भोक कुठेच सापडत नाही. (हर्णै)

उत्तर : भोक नाहीच. तापलेल्या वाळूवर आतली हवा ४५ अंशांवर असताना तुम्ही ०.२५ बार भरलीत आणि २८ अंशांच्या पाण्यात ती ०.१८ च्या आसपास उतरली. अंशागणिक साधारण ४ मिलिबार, असा ढोबळ हिशोब आहे. पाण्यात घातल्यावर पुन्हा पंप मारा. परत काठावर ओढलीत की मात्र चार पंप हवा सोडा, कारण ती बोट ५० अंशांना तापली तर उलटं होऊन शिवणींवर ताण येतो. गळतीची २४ तासांची चाचणीही यासाठीच सकाळ ते सकाळ, सावलीत करायची. संध्याकाळी फुगवून पहाटे मोजली तर धडधाकट बोटही गळकी दिसते.

प्रश्न : कोलाडला राफ्ट चालवतो. हायपालॉनच्या राफ्टचा तळ दगडांवर घासून धागे दिसायला लागलेत, हवा मात्र एक थेंब जात नाही. थांबू का अजून एक हंगाम? आणि मोठी चीर गेली तर जागेवर काय करायचं?

उत्तर : थांबू नका. हवा अडवतो तो आतला थर आणि ताण पेलतो तो धागा. बाहेरचा थर त्या दोघांची ढाल असते, तीच गेलीय. उघडा धागा वाळू धरतो आणि वाळू त्याला आतून कापत राहते. आत्ता त्याच कापडाची घासपट्टी लावलीत तर एका दिवसाचं काम आहे. धागे तुटल्यावर तीच जागा फुगवटा धरते आणि मग तिथलं कापडच बदलावं लागतं. पट्टी झिजलेल्या भागापेक्षा चारी बाजूंनी ५ सेंमी मोठी घ्या आणि पुढची कड पाण्याच्या ओघाला तोंड करून येणार नाही अशी गोलसर ठेवा. धागे दिसतात तिथे घासताना पॉलिश पेपर अगदी हलका. गोंदाच्या थरांपैकी पहिला थोडा पातळ करा म्हणजे विणीत मुरेल.

चिरेचं असं. ५ सेंमीच्या आतली चीर बाहेरच्या ठिगळाने भागते. त्याहून मोठीला आतूनही लावावं लागतं. चिरेतून आत एक प्लास्टिकचा कागद सरकवा, नाहीतर गोंद समोरच्या भिंतीला लागून ट्यूब आतल्या आत चिकटेल. आतलं ठिगळ चिरेच्या दोन्ही बाजूंना ३ ते ४ सेंमी जाईल इतकं; ते गुंडाळी करून चिरेतून घालतात आणि अर्धं-अर्धं बसवतात. कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत, एकीवर दुसरी चढता कामा नये. वरून ७ ते ८ सेंमी जास्तीचं बाहेरचं ठिगळ. चीर शिवण ओलांडून गेली असेल तर हे घरी करू नका, कारण शिवणीच्या पायरीपाशी ठिगळाखाली बारीक बोगदा राहतो आणि हवा तिथूनच निघते.

नदीवर जागच्या जागी मात्र चिकटपट्टीच. टियर-एड नावाची पट्टी मिळते. तिच्यात टाइप ए आणि टाइप बी आहेत. पीव्हीसीला बी, हायपालॉनला ए. उलट लावली तर धरत नाही. जागा कोरडी करून लावा, कमी दाबावर किनारा गाठा आणि नंतर ती काढून नीट ठिगळ लावा.

प्रश्न : ट्यूबमध्ये ओतायचं द्रव सीलंट मिळतं. त्याने झिरपणारी बोट वाचते का? (पुणे)

उत्तर : सुईएवढी भोकं आणि किंचित झिरपणारी शिवण, एवढ्याला उपयोगी. ओतून बोट सगळ्या बाजूंनी लोळवत, फिरवत ठेवायची, म्हणजे ते सगळीकडे पसरतं. एक-दोन हंगाम निघतील. पण नंतर ट्यूब आतून उघडावी लागली तर त्या थरावर गोंद बसत नाही. म्हणून ज्या बोटीत पुढे खर्च करायचाच नाही ठरलंय, तिच्यासाठीच हे औषध. माणसं वाहणाऱ्या बोटीत नको.

प्रश्न : फायबरच्या तळाची ४.२ मीटरची बोट आहे. तळ आणि मोटर उत्तम, ट्यूब संपल्या. विकू का? (वास्को)

उत्तर : विकू नका, ट्यूब बदलून घ्या. सगळं प्रकरण फिरतं ते इथे. गुंडाळून ठेवायच्या मऊ डिंगीत ट्यूब म्हणजेच बोट. त्या गेल्या की उरते ती एक फळी आणि दोन वल्ही. तुमच्याकडे तळ शाबूत आहे, म्हणजे बोटीचा महागडा अर्धा भाग वाचलाय. नव्या ट्यूब हायपालॉनच्याच मागा, कप्पे आधी होते तितकेच किंवा एक जास्त, आणि व्हॉल्व्ह सगळे एकाच जातीचे, म्हणजे पाना एकच लागेल. मोजमाप जुन्या ट्यूब काढायच्या आधी, फुगलेल्या स्थितीत झालं पाहिजे. काढताना कारागीर फायबरवरचा जुना गोंद घासून साफ करतो का, हे उभं राहून बघा. कंटाळवाणं काम आहे, त्यामुळे तिथेच चुकवाचुकवी होते आणि वर्षाच्या आत ट्यूबची कड तळापासून सुटते. दर मागताना हे घासकाम वेगळं लिहून घ्या.

प्रश्न : मागच्या फळीवर मोटर टांगली की फळी मागे झुकते. ट्यूब ठीक आहेत. (तापोळा)

उत्तर : ट्रान्समवर, म्हणजे मोटर टांगायच्या त्या मागच्या फळीवर, स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकत जा. टणक आवाज आला तर लाकूड चांगलं, बद्द आवाज आला तर प्लायमध्ये पाणी शिरून थर सुटलेत. पाणी बहुधा मोटरच्या बोल्टच्या भोकांतून आणि तळाच्या नळीच्या भोकातून शिरतं, कारण तिथे प्लायची कापलेली कड उघडी असते. लाकूड टणक असेल आणि तरी झुकत असेल, तर फळीला ट्यूबशी धरणारी पट्टी सुटतेय. ती पुन्हा चिकटवता येते. पण फळी जागेवरून पूर्ण सोडवून, दोन्ही बाजू साफ करून. फटीत गोंद ओतून दाबलेलं पहिल्याच लाटेला सुटतं.

कुजकी फळी बदलायची तर मरीन प्लाय, जुन्याच जाडीचा. सहा बाजूंना इपॉक्सी. भोकं जरा मोठी पाडा, इपॉक्सीने भरा, वाळल्यावर त्यातून योग्य मापाचं भोक पाडा, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. नियमित वापराची हायपालॉन बोट असेल तर हा खर्च परवडतो. पीव्हीसी सात-आठ वर्षांची असेल तर नाही, कारण नव्या फळीला धरायला जुनं कापड पुरत नाही. मोटरही बघा: १५ अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक ३५ ते ४० किलो भरतं, फोर-स्ट्रोक बहुतेकदा त्याहून जड. मोटर बदलल्यापासून फळी झुकायला लागली असेल तर बोटीच्या पाटीवर लिहिलेली मोटरच्या वजनाची मर्यादा वाचा.

प्रश्न : आमच्या गावाकडे पुरासाठी दिलेली रबरी बोट आहे. पाच वर्षं ग्रामपंचायतीच्या खोलीत घडी करून ठेवली, एकदाच वापरली. उंदरांनी तीन ठिकाणी कुरतडलीय. नवीसारखीच आहे, ठिगळ लावून घेऊ ना? (शिरोळ तालुका)

उत्तर : पंचगंगेच्या पुराच्या पाण्यात जाणाऱ्या बोटीचा निकष फिरायच्या डिंगीपेक्षा कडक ठेवा. तिथे बोट काठाजवळ नसते, पाण्याखाली काटेरी तार, पत्रे, विजेचे खांब असतात, आणि बसणाऱ्यांत म्हातारी माणसं आणि लेकरं असतात. कुरतडलेली जागा मोकळ्या कापडावर असेल तर ठिगळ चालेल. शिवणीवर, व्हॉल्व्हच्या मुळाशी किंवा मागच्या फळीच्या पट्टीवर एक जरी असेल तर ती बोट बचावकामातून काढा, सरावाला वापरा.

पाच वर्षांच्या घडीची काळजी उंदरांपेक्षा जास्त. सगळी बोट उलगडून घडीच्या रेषा बघा, विशेषतः जिथे दोन घड्या एकमेकींना छेदतात ते टोक. तिथे थर तडकून बारीक रेघा उमटलेल्या असतात. ०.२५ बार भरून त्या टोकांवर साबणपाणी लावा, २४ तास ठेवा. एकेक कप्पा रिकामा करून उरलेल्या कप्प्यांवर बोट माणसांसकट तरंगते का, हे काठालगत कमरेएवढ्या पाण्यात बघा. ही चाचणी उतरली नाही तर दुरुस्तीचा अर्ज न करता नव्या बोटीचाच करा.

चाचणी उतरली तर यापुढे घडी बंद. गोड्या पाण्याने धुऊन, व्हॉल्व्ह उघडे टाकून दोन दिवस सावलीत वाळवा, शंखजिऱ्याची भुकटी चोळा आणि अंग धरेल इतकी हवा भरून छताला दोन रुंद पट्ट्यांवर टांगा. दोरी नको, ती काचते. उंदीर पट्टीवरून उतरू नये म्हणून वरच्या टोकाला पत्र्याची चकती बसवा. डिझेलचे कॅन आणि बोट एका खोलीत ठेवू नका. पंप, गेज, व्हॉल्व्हचा पाना आणि दोन जादा टोप्या एका डब्यात घालून तो डबा बोटीलाच बांधा, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात २४ तासांची चाचणी घेऊन दाबाचे दोन्ही आकडे भिंतीवर खडूने लिहून ठेवा. ठिगळ लागलंच तर पाऊस सुरू व्हायच्या आत ते लावून त्याचे सात दिवस भरायला तेवढा अवधी हवा.